घोड्याच्या तोंडी लागताना

आपल्याकडे दोन विषयांवर सल्ला द्यायला ज्ञान लागत नाही. एक आजारपण आणि दुसरा घोडा. तापलेल्या माणसाला जो तो काढा सुचवतो, तसा उधळणाऱ्या घोड्याला जो तो लगाम सुचवतो. तोही साधासुधा नव्हे, "चांगला कडक घाला!" घोडा जितका तेज, तितकं त्याच्या तोंडातलं लोखंड जालीम, हा हिशेब इतका सर्वमान्य आहे की अंकगणिताच्या पुस्तकात तो त्रैराशिकाखाली कसा छापला गेला नाही याचं मला नवल वाटतं. माझं भांडण या हिशेबाशी आहे. तो क्रूर आहे, हे तर झालंच. पण व्यवहारी वाचकांसाठी सांगतो, तो चक्क चुकीचाही आहे.

हा वाद मला तलवाड्याला घालावा लागला. तलवाडा म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं. तिथल्या डोंगरावर त्वरिता देवीचं देऊळ आहे. देवीच्या नावातच त्वरा आहे. गावाला जाणाऱ्या एस.टी.ने ती फारशी मनावर घेतलेली नाही, ते सोडा. माझ्या भाच्याने तिथल्या शेतावर एक घोडा आणून बांधला आहे. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला. शर्यतीच्या घोड्याचं निवृत्तीचं वय आपल्या सरकारी नोकरीपेक्षा फार कमी, आणि पेन्शन तर नाहीच. त्यातल्या नशीबवान घोड्यांना रायडिंग क्लबात दुसरी नोकरी मिळते. भाचा पुण्यात उड्या शिकलेला, त्यामुळे पऱ्हाट्या उपटलेल्या रानात त्याने प्लॅस्टिकच्या टाक्या मांडल्या, वर बांबू ठेवले, आणि घोड्याला त्यांच्यावरून उड्या शिकवायला लागला. घोड्याची उडी उत्तम, पण बांबू दिसला रे दिसला की तो सुटायचा. सणाच्या दिवशी गेवराईच्या स्टँडवर गाडी लागल्यावर माणसं सुटतात, तसा. भाचा दोन्ही हातांनी लगाम ओढतोय, घोडा त्याहून जोरात पुढे ओढतोय, असा तो सामना असे.

बांधावर सल्लागार जमले. त्यांत एक अण्णा होते. त्यांची घोडी लग्नाच्या वरातीत नाचते, म्हणजे गावातले ते अधिकृत अश्वतज्ज्ञ. त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. "मास्तर, हे घाला. बोटावर नाचंल बगा!"

ते कडियाळं होतं. आपण सगळ्याच सरंजामाला लगाम म्हणतो, पण तोंडात जातो तो तुकडा म्हणजे कडियाळं. अण्णांचं कडियाळं काटेरी होतं. स्वयंपाकघरातल्या किसणीची मावसबहीण शोभावी असं. मी त्यावरून अंगठा फिरवला आणि वरातीतली घोडी बोटावर का नाचते, हे मला त्या अंगठ्याने सांगितलं.

आता हे लोखंड बसतं कुठे ते पाहू. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये एक रिकामी जागा असते. निसर्गाने ती कशासाठी ठेवली असेल ती असो, माणसाने तिथे ताबडतोब लोखंड ठेवलं. त्या जागेत दात नाहीत. पातळ कातडीखाली लगेच जबड्याच्या हाडाची कड लागते, आणि मधे मऊ जीभ. आपली जीभ एकदा चावली तर दोन दिवस आपण चहा फुंकून पितो, सगळ्या घराला ऐकवतो. घोड्याला घरही नाही आणि ऐकवायची सोयही नाही. तो तोंड उघडतो, मान वर फेकतो, जीभ कडियाळ्यावरून काढून घेतो आणि पळतो. यांतल्या प्रत्येक गोष्टीला आपण "मस्ती" म्हणतो.

आणि पळतो का, तर घोडा ही मुळात पळून जगलेली जात आहे. बैल चिडला तर शिंगं रोखतो, कुत्रं चावतं, पण दुखलं की घोड्याचा पहिला विचार पाय लावून पळायचा. म्हणजे तोंडात दुखवून त्याला थांबवणं हे ज्या कारणाने तो पळतोय तेच कारण वाढवणं झालं. शिवाय वजनाचा हिशेब आहेच. घोडा पाचशे किलोच्या घरातला, भाचा जेवून-खाऊन पासष्ट. रस्सीखेचीत कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको. खेचणारा समोर असेल तरच रस्सीखेच चालते, म्हणून हात सैल सोडणाऱ्या स्वाराखाली पुष्कळदा घोडाही ओढायचं सोडतो.

उडीच्या घोड्याची गोष्ट तर आणखी नाजूक. उडी मारताना घोड्याला मान पुढे लांब करावी लागते. तोल सांभाळायचं त्याचं तेच साधन. नेमक्या त्या क्षणी घाबरलेला स्वार लगामाला लोंबकळतो, आणि घोड्याला हवेत असतानाच तोंडात हिसका बसतो. असे चार हिसके बसले की घोड्याच्या डोक्यात पक्कं होतं : बांबू म्हणजे दुखणं. मग तो एक तर बांबूपुढे उभाच राहतो, नाही तर एकदाचं उरकून टाकावं म्हणून भरधाव सुटतो. दुसऱ्या प्रकारच्या घोड्याला आपण "तापट" म्हणतो. भरधाव घोडा पाय चुकवून बांबूत अडकला की स्वार मानेवर पडतो, आणि मान एकदा मोडली की कडियाळ्याची निवड हा विषय त्याच्यापुरता संपतो.

कोणी म्हणेल, मग साधं कडियाळं घाला, झालं. तितकंही सोपं नाही. मधे एकच सांधा असलेलं दोन तुकड्यांचं कडियाळं ओढलं की अडकित्त्यासारखं मिटतं. सुपारीच्या जागी जीभ. मधे आणखी एक छोटा दुवा असला तर ते जिभेवरून वळून बसतं. पातळ कडियाळं रुततं, जाड मऊ लागतं. पण तोंड लहान असेल तर जाडही कोंबल्यासारखं होतं. दांडीच्या कडियाळ्यात तरफेचं गणित येतं. खालची दांडी वरच्यापेक्षा तिप्पट लांब असली तर हाताचा जोर तिपटीच्या आसपास जाऊन पोचतो, वर हनुवटीखाली साखळी आवळते ती वेगळीच. उड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर तोंडात काहीच न घालता नुसत्या नाकावर बसणारा हॅकामोरही चालतो. पण त्याला लांब दांड्या असल्या तर तोही साधू नव्हे. नाकाचं हाड पुढे फार नाजूक असतं.

आणि मी अगदीच अहिंसेचा झेंडा घेऊन निघालेलो नाही. चांगल्या हाताखाली थोडं जबर कडियाळं काही दिवस वापरणं हे, वाईट हाताने मऊ कडियाळं अर्धा तास खेचत राहण्यापेक्षा घोड्यालाही बरं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर पुस्तक लिहिलं. त्यातही तो दोन कडियाळी ठेवायला सांगतो, एक खरखरीत नि एक गुळगुळीत. आपले लोक नेमके इथेच वाचन थांबवतात. झेनोफनचा खरखरीत तुकडा होता घोड्याने गुळगुळीत तुकड्यावर काम करावं म्हणून. आपण मात्र खरखरीत घालतो आणि त्याने भागेनासं झालं की त्याहून खरखरीत शोधायला जत्रेला जातो.

अण्णांना मी कायदाही सांगितला. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत काटेरी कडियाळ्याला साफ मनाई आहे, जनावर हाकण्यासाठीही आणि त्यावर बसण्यासाठीही. अण्णा शांतपणे म्हणाले, "मास्तर, साठ साल झाले की वो. एस.टी.नंच निघाला आसंल त्यो नियम!" यावर मला उत्तर सुचलं नाही.

भाच्याच्या घोड्याचं म्हणाल, तर आम्ही आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घेतलं. दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या, त्या त्यांनी कानशीने घासल्या. खोगीर पाठीला टोचत नाही ना ते पाहिलं. मग खुराक. शर्यतीच्या घोड्याचा खुराक आणि तासभराचं काम, असं चाललं होतं; दिवसभर गादीवर बसून पैलवानाचं जेवण जेवलं तर आपणही बांबूवरून उडी मारू. हरभरा कमी केला, कडबा आणि फिरणं वाढवलं. घोड्याच्या मानेला एक पट्टा बांधला, म्हणजे भीती वाटली की भाचा तो धरेल, लगाम नाही. कडियाळं घेतलं मधल्या दुव्याचं, साधं. महिनाभर उडी बंद. बांबू जमिनीवर ठेवून त्यावरून नुसतं चालवणं. घोडा काही गाय झाला नाही. तिसऱ्या टाकीला अजूनही जोर करतो. पण थांब म्हटल्यावर थांबतो, आणि भाच्याचे तळहात सोलत नाहीत.

अण्णा हे सगळं बांधावर बसून बघत होते. एके दिवशी म्हणाले, "मास्तर, तुमचं समदं खरं. पर माझी घोडी नाचली न्हाई तर मला सुपारी कोन देईल?" हे मात्र बिनतोड होतं. डीजेपुढे कान फाटत असताना घोडीने दोन पायांवर उभं राहावं म्हणून नोटा ओवाळतो आपणच. अण्णा फक्त लोखंड पुरवतात.

म्हणून गेल्या महिन्यात एका लग्नात नवरदेवाला चढवण्याआधी मी घोडीचा ओठ बाजूला करून पाहिला. लोखंडाला लाल फेस होता. वरपक्षाला मी तो दाखवला, म्हटलं, हे काढा नाही तर घोडी परत पाठवा. आधी "मुहूर्त टळतोय" म्हणून गलका झाला, मग नवरदेवाच्या आईने स्वतः वाकून पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या. नवरदेव चालत आला. मंडप दोनशे पावलांवर होता.