बोल्टवर जस्त किती?
मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. त्याआधी काही दिवस सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून पुतळ्याचे नट-बोल्ट पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने गंजत असल्याचे कळवले होते. अनावरणाला तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. पुतळा पडण्याची कारणे बोल्टपुरती नव्हती, पण समुद्रकाठी गंज किती लवकर धरतो हे त्या पत्राने दाखवले. तरीही किनाऱ्यावरच्या शेड, जेट्टी, शाळांची पत्र्याची छपरे यांसाठी बोल्ट घेताना आपण ‘जीआय’, म्हणजे जस्त चढवलेला, एवढेच सांगून मोकळे होतो. त्यावर जस्ताचा थर किती मायक्रॉनचा आणि कोणत्या पद्धतीने चढवलेला, हे निविदेत आणि बिलावर लिहिलेलेच असले पाहिजे.

जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, म्हणून छोटा ओरखडा पडला तरी आतले लोखंड वाचते. पण झिजायला जस्त उरलेच नाही तर सारे संपले; त्यामुळे थर जितका जाड तितके आयुष्य जास्त. हवा किती गंजकारक हे ठरवणाऱ्या आयएसओ 9223 या मानकात खाऱ्या किनाऱ्याला शोभणारा ‘सी-5’ वर्ग आहे. तिथे जस्त वर्षाला 4.2 ते 8.4 मायक्रॉन झिजते. हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत बोल्ट बहुधा इलेक्ट्रोप्लेटिंगचा असतो, थर साधारण 5 ते 8 मायक्रॉनचा. म्हणजे एक-दोन पावसाळे. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या, म्हणजे हॉट डिप बोल्टवर थर 50 मायक्रॉनच्या आसपास असतो. तोच हिशेब सहा ते बारा वर्षांवर जातो. घरातल्या कोरड्या कपाटाला मात्र चकचकीत बोल्ट खुशाल वापरावा, तिथे जास्त खर्च वायाच जाईल.

हॉट डिप महाग पडते, हा पहिला आक्षेप. पण छपराच्या खर्चात बोल्टचा वाटा किरकोळ असतो, आणि गंजून घट्ट बसलेला नट उंचावर चढून ग्राइंडरने कापायचा म्हटले की मजुरीच नव्या बोल्टच्या कितीतरी पट होते. जाड थराने आटे बसत नाहीत ही तक्रार खरी आहे. त्यासाठी नटाचे आटे थोडे मोठे पाडलेले असावे लागतात, म्हणून नट आणि बोल्ट जोडीनेच घ्यावेत. 10.9 किंवा 12.9 या उच्च ताकदीच्या दर्जाच्या बोल्टची गोष्ट वेगळी. प्लेटिंगच्या वेळी पोलादात शिरलेला हायड्रोजन अशा बोल्टला ठिसूळ करू शकतो, आणि तो ताण दिल्यावर अचानक तुटतो. तिथे वीज न वापरता चढवलेला झिंक फ्लेकचा थर अधिक सुरक्षित. ‘आमचा बोल्ट मिठाच्या फवाऱ्यात इतके तास टिकला’ या दाव्यावर मात्र विसंबू नये. सतत ओल्या पेटीत जस्ताला कोरडे पडून संरक्षक साय धरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे ते तास किनाऱ्यावरच्या वर्षांत मोजता येत नाहीत. मोजायचाच तर थर मोजावा: माल उतरला की बोल्टच्या डोक्यावर थरमापक टेकवायचा, आकडा कमी आला तर पेटी परत पाठवायची.