मागाच्या शेजारी टेबल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हल्ली एकच प्रश्न मला वेगवेगळ्या घरांतून येतो. वडिलांच्या शेडमधले निम्मे माग निघालेत, मुलगा नाहीतर सून टेक्स्टाईल डिझाईन शिकून परत आलीय, तिथंच स्टुडिओ काढायचाय. आतून कसं करावं? सोबत मोबाईलमध्ये पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसांचे फोटो असतात. काचेच्या केबिन, रंगीत गाद्या, एकाच लांब हॉलमध्ये सगळ्यांची टेबलं. मी म्हणतो, फोटो राहू द्या, आधी उरलेले माग कुठं राहणार ते सांगा.

कारण इथलं डिझाईन कागदावर पुरं होत नाही. टेरी टॉवेलच बघा. त्याला ताण्याचे दोन बीम लागतात, एक ताठ आणि एक सैल. फणी पहिल्या दोन आडव्या धाग्यांना अलीकडेच थांबते आणि तिसऱ्याला पूर्ण ठोकते. तेव्हा सैल सुताचे लूप उभे राहतात. स्क्रीनवर दिसणारी रेघ आणि लुपात उमटणारी रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यंतरी एका शेडमध्ये मुलीनं मोरपिसाचे केसासारखे बारीक तंतू काढले होते. सॅम्पल उतरलं तेव्हा पीस कुठं दिसेना, नुसता हिरवा डाग. माग सांभाळणाऱ्या जॉबरनं टॉवेल उलटा केला, पाठीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "अक्का, एका धाग्याची रेघ लुपात बुडते. तीन धागे द्या, आणि दोन रेघांत जागा सोडा." तिनं तिथंच बसून रेघा जाड केल्या, दुपारी दुसरं सॅम्पल लागलं. हीच मुलगी पुण्यात बसून काम करत असती तर कुरिअरच्या येण्या-जाण्यात आठवडा गेला असता. सगळे मिळून काम करणं म्हणतात ते हे. ग्राफ पेपरवर नक्षी काढून जेकार्डचे पुठ्ठ्याचे पत्ते पाडणारी शहराच्या पूर्व भागातली जुनी पिढी असंच करत होती.

म्हणून माझा आग्रह एका सॅम्पल मागाचा असतो. जागा कितीही कमी असो, तो विकू नका. स्टुडिओ आणि माग यांच्यामध्ये नऊ इंची विटांची भिंत घाला आणि तिच्यात दुहेरी काचेची मोठी खिडकी ठेवा. माग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, शिवाय कापसाची बारीक धूळ कॉम्प्युटरात जाऊन बसते. पण जॉबरनं हात वर केलेला मात्र टेबलावरून दिसला पाहिजे.

आतल्या बाजूला सगळंच मोकळं ठेवू नका. हार्वर्डच्या दोन अभ्यासकांनी 2018 साली छापलेल्या अभ्यासात मोठ्या कंपन्यांची ऑफिसं मोकळी करण्याआधी आणि नंतर लोकांचं बोलणं मोजून पाहिलं. भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं आणि ई-मेल वाढले. मला यात नवल वाटत नाही. चोवीस तास चार लोकांच्या नजरेखाली बसलेला माणूस कानाला हेडफोन लावतो. रंग ठरवणाऱ्याला, हिशेब लिहिणाऱ्याला दार लावता येईल अशी एक छोटी खोली द्याच.

जागा बदलती हवी असेल तर खर्च फर्निचरवर नको, वायरिंगवर करा. वरून ट्रे टाकून ठिकठिकाणी पॉइंट सोडले की टेबल कुठंही सरकतं. चाकाची टेबलं शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात; त्यापेक्षा लाकडी घोडे आणि त्यावर फळ्या चांगल्या. दोन जोडल्या की कटिंगचं टेबल, सोडवल्या की बसायची जागा. ती फरशी मात्र उखडून टाईल्स घालू नका. आपल्या उन्हाळ्यात पायाला तेवढाच गारवा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर खरा शत्रू पत्रा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखाली दुपारी डोकं चालत नाही. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी 1980 मध्ये अहमदाबादेत स्वतःचं ऑफिस 'संगाथ' बांधलं. ते अर्धवट जमिनीत उतरवलं आणि कमानदार छतांवर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवून ऊन परतवलं. आपल्याला शेड जमिनीत उतरवता येणार नाही, पण पत्र्याला वरून पांढरा रंग, खाली इन्सुलेशन आणि माथ्यावर वाऱ्यानं फिरणारे पंखे एवढं सहज जमतं. उजेड उत्तरेकडून घ्या. सुताचा खरा रंग त्यातच कळतो. आवाज घुमत असेल तर बाहेरचे महागडे फोमचे पॅनेल कशाला? डाग पडून बाजूला ठेवलेल्या चादरी लाकडी चौकटीत ताणून भिंतीवर लावा. जाड कापड आवाज पितं, आणि आलेला ग्राहक आपला माल हातानं चाचपूनही बघतो. फक्त त्या चादरी विजेच्या बोर्डापासून लांब असू द्या.

हे शेवटचं मी उगाच सांगत नाही. 18 मे 2025 च्या पहाटे याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालकाच्या घरचे होते, कामगारांच्या घरचेही होते. मुंबईत गिरणीच्या आवारात, कमला मिलमध्ये, 2017 च्या डिसेंबरात रेस्टॉरंटच्या आगीत चौदा जण गेले. सूत, फोम, प्लायवूड हे सगळं भराभर पेटतं, आणि सजावटीच्या नादात मागचं दार कपाटाआड जातं, हे मी अनेक शेडमध्ये पाहतो. सुताच्या गठ्ठ्यांनी अडवलेला रस्ता तर रोजचाच.

तेव्हा स्टुडिओ जरूर काढा, आपल्या पोरांना पुण्याला जावं लागू नये असं मलाही मनापासून वाटतं. पण आराखडा करणाऱ्याला पहिल्या भेटीतच विचारा, बाहेर उघडणारं दुसरं दार कुठं आहे? ते दाखवता आलं नाही तर बाकीच्या कागदावर सही करू नका.