आत गेलेला माणूस बाहेर आला का?

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर



कोयना अभयारण्यातल्या वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्या माणसाला आपला विभाग जसा सांभाळतो, तसंच आपल्या इतर अभयारण्यांतून एकट्याने लांब चालत जाणाऱ्यांना सांभाळावं, ही मागणी करायला हे पत्र लिहिते आहे. वासोट्याची पद्धत आपल्याला माहीतच आहे. बामणोलीला परवानगीची पावती घ्यायची, लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा आणि पायथ्याच्या नाक्यावर पिशव्या उघडून दाखवायच्या. प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतली जाते आणि उतरल्यावर तेवढ्याच बाटल्या दाखवल्या की पैसे परत मिळतात. गडावर मुक्काम करता येत नाही. संध्याकाळी लाँच सुटायच्या वेळी सकाळी आणलेल्यांपैकी कोण अजून उतरलं नाही, हे नावाड्यालासुद्धा माहीत असतं. कोयनेच्या त्या दाट रानात अस्वलं आहेत, गवे आहेत, बिबटे आहेत, आणि तरीही तिथे मला एकटीला कधी असुरक्षित वाटलेलं नाही. मी आत आहे हे कुणाला तरी ठाऊक असतं, म्हणून.

आता भीमाशंकर घ्या. शेकरूसाठी 1985 साली झालेलं हे अभयारण्य. खांडसहून गणेश घाटाने किंवा शिडीच्या वाटेने चढणारा माणूस रायगड जिल्ह्यात चालायला लागतो आणि माथ्यावर पुणे जिल्ह्यात येतो. तिथून धारेने उत्तरेला आहुप्यापर्यंत जाऊन खोपिवलीला उतरला, तर तो ठाणे जिल्ह्यात पोचलेला असतो. मधे एखाद्या वाडीत मुक्काम, कधी देवळाच्या ओसरीवर. तीन जिल्हे पायांखालून जातात, पण एका टोकाला शिरलेला हा माणूस दुसऱ्या टोकाला उतरला की नाही, हे सांगणारा एकही कागद कुठे तयार होत नाही. वाटेत पावती फाडलीच तर ती पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या उपद्रव शुल्काची. वासोट्याला हे काम सोपं जातं, कारण तिथे आत जायचं आणि बाहेर पडायचं दार एकच. लांब चालणारा माणूस मात्र ज्या दाराने शिरतो त्या दाराने परत येतच नाही, आणि आपले सगळे नाके एकाच दाराचा हिशेब ठेवणारे आहेत.

यावर काही ठिकाणी शोधलेला उपाय म्हणजे एकट्या माणसाला आत सोडायचंच नाही. तो मला चुकीचा वाटतो. नाक्यावर अडवलेला माणूस घरी जातो असं नाही. गावातला एखादा पोरगा त्याला ढोरवाट दाखवतो आणि तो नाका टाळून पलीकडून रानात शिरतो. मग तो आत असल्याचं कुणालाच माहीत नसतं. शिवाय एकटा चालणारा हा रानाला सर्वांत कमी त्रास देणारा पाहुणा आहे. त्याच्याकडे स्पीकर नसतो, तो गाणी लावत नाही, चाळीस माणसांसाठी चूल मांडत नाही. राज्याने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं मी स्वागतच करते. पण ते मुख्यतः सहली काढणाऱ्या संस्थांसाठी आहे: नोंदणी त्यांची, प्रशिक्षित नेता त्यांचा, विमा त्यांचा. स्वतःच्या जबाबदारीवर निघालेला माणूस त्या चौकटीत बसत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 खाली पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याचा अधिकार मात्र आपल्या खात्याकडे आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

परदेशात दूरच्या डोंगरवाटांवर चालणारे बरेच लोक उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र पिशवीला अडकवतात. फोनला रेंज नसली तरी एक कळ दाबली की आपण कुठे आहोत ते मदत करणाऱ्यांना कळतं. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, आणि ते बाळगल्यामुळे परदेशी प्रवाशांना आपल्या विमानतळांवर अटकही झाली आहे. त्यामागची सुरक्षेची कारणं मी समजू शकते. पण परिणाम असा, की घाटमाथ्यावर रेंज गेली की आपल्याकडे चालणाऱ्याला वाचवणारी एकच गोष्ट उरते. तो कोणत्या वाटेने गेला आणि केव्हा परतणार होता, हे माहीत असलेलं दुसरं माणूस.

2022 च्या मे महिन्यात लोणावळ्याच्या नागफणी परिसरात एक तरुण एकटा फिरायला गेला आणि चुकला. आपण हरवलो आहोत हे त्याने फोन करून घरी सांगितलं आणि मग फोन बंद झाला. शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव संस्थांचे कार्यकर्ते, पोलीस, एनडीआरएफ, सगळे दऱ्या पालथ्या घालत होते. चार दिवसांनी त्याचा मृतदेह एका खोल घळीत सापडला. हरवल्याची बातमी लगेच पोचली होती. कुठे शोधायचं, हे कळत नव्हतं. या मुलाची आठवण आली की मला अजून गलबलून येतं, कारण मे महिन्यातल्या त्या कातळावर पाणी संपल्यानंतरचा एक तास किती लांब असतो हे मी अनुभवलं आहे.

हे सगळं मी वन्यजीव विभागाच्या प्रमुखांना का सांगते, असं आपल्याला वाटू शकेल. हरवलेली माणसं शोधणं पोलिसांचं काम, बचावाचं काम गिर्यारोहकांचं. पण रानात माणूस हरवला की त्याच्यामागे शेकडो माणसं रानात शिरतात. रात्रभर बॅटऱ्यांचे झोत, हाका, ड्रोन. आणि एखाद्या प्राण्याने माणसाला जखमी केलं, मग त्यात चूक कुणाचीही असो, की दुसऱ्या दिवशी गावातून पिंजऱ्याची मागणी येते. बिबट्यांना एका ठिकाणी पकडून दुसरीकडे सोडल्याने काय होतं, हे जुन्नरच्या अनुभवावरून आपल्या खात्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पकडलेले बिबटे जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले, असं विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवून दिलं. म्हणजे चालणाऱ्या माणसाला सुखरूप बाहेर काढणं हे वन्यप्राणी वाचवण्याचंच काम आहे.

आणि आजोबा नावाच्या बिबट्याला आपण विसरला नसालच. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तिथून तो साधारण 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. महामार्ग ओलांडले, रेल्वेचे रूळ ओलांडले, वस्त्यांच्या कडेकडेने गेला आणि वाटेत कुणालाही इजा केली नाही. हे आपल्याला कळलं ते पट्ट्यामुळे. पुढे दोन वर्षांनी महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. माझ्यासारख्या माणसांना जी धार, जी खिंड चालायची असते, तिथूनच ही जनावरंही जातात. पावसाळ्यानंतरच्या चिखलात आपल्या बुटांच्या ठशांवर सकाळी पंजाचा ठसा उमटलेला दिसतो. त्याची भीती वाटत नाही. पण त्याच्या वाटेत आपण कसं वागायचं, हे नाक्यावर कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगितलं जात नाही.

उदाहरणार्थ पाणी. फाल्गुनानंतर धारेवर पाणी उरतं ते एखाद्या टाक्यात किंवा झऱ्यात. चालणारा दमलेला असतो, पाणी दिसलं की तिथेच तंबू लावतो. त्याला कल्पनाही नसते, की अंधार पडल्यावर सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या याच पाण्यावर येणार असतात. माणसाचा वास आणि उजेड आला की ती तहानलेलीच मागे फिरतात, आणि मैलोन्‌मैल दुसरं पाणी नसतं. सूर्य मावळायच्या आत पाणी भरून घ्यावं आणि पाणवठ्यापासून लांब जाऊन पडावं, ही एक ओळ नाक्यावरच्या फलकावर लिहिली तर दोघांचाही जीव सांभाळला जाईल.

अस्वलाचं उलट आहे. इथे गप्प चालणं धोक्याचं. वारूळ उकरण्यात गुंग असलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि दचकलेलं अस्वल पळत नाही, अंगावर येतं. करवंदीच्या जाळ्यांतून, कारवीच्या रानातून पहाटे जाताना काठी आपटत, खोकत, मोठ्याने बोलत जावं. गव्याच्या कळपापेक्षा एकट्या नर गव्याला जास्त जपावं आणि तो थांबला की आपण मागे सरकावं. आग्या मोहोळाच्या कड्याखाली शेकोटी, अत्तर, ड्रोन यांतलं काहीही नको. मोहोळ उठलंच तर तोंड झाकून पळत सुटायचं, पाण्यात उडी मारायची नाही. आणि गावातलं कुत्रं! ते बिस्किटाच्या आशेने मैलोन्‌मैल सोबत येतं, एकट्या माणसाला ते बरंही वाटतं, पण तेच कुत्रं अभयारण्यात भेकराच्या पाडसामागे लागतं आणि आपले रोगही रानात नेतं. पहिल्या वाडीच्या पुढे त्याला खायला घालू नये. हे वाटेवरचे कातकरी, महादेव कोळी आजोबा विचारलं तर सांगतात. विचारायचं असतं, हेच शहरातून आलेल्याला माहीत नसतं.

रानात न वाढलेल्या माणसांच्या घोळक्यात जनावर सापडलं तर काय होतं, ते 2020 च्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरूडमध्ये दिसलं. भरकटून आलेल्या गव्याच्या मागे जमाव लागला, तो तासन्‌तास धावत राहिला आणि पकडला गेल्यावर मेला. ती गर्दी शहरातली होती. आता तीच माणसं सुट्टीच्या दिवशी रानात येतात, काजव्यांच्या मोसमात भंडारदऱ्याला रात्री गाड्यांचे दिवे लावून येतात. त्यांना शिकवायची जागा म्हणजे नाका.

आता नोंदीबद्दल, आणि इथे बाई म्हणून मला काही सांगायचं आहे. नोंदवही म्हणजे टेबलावर उघडी पडलेली फुलस्केप वही, असं कृपा करून करू नये. एका ठिकाणी मी अशा वहीत नाव, मोबाइल नंबर आणि सोबतच्या माणसांच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि त्याच रात्री अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले. माझ्यामागून वहीत सही करणाऱ्या प्रत्येकाला मी एकटी कुठे मुक्काम करणार आहे ते वाचता येत होतं. त्यानंतर बराच काळ मी कुठेच खरं लिहीत नसे. एकटीने चालणाऱ्या माझ्या अनेक मैत्रिणी आजही नोंद टाळतात आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून वहीऐवजी चिठ्ठी हवी, आणि ती बंद पेटीत पडायला हवी. तीत वाट, मुक्काम, बाहेर पडण्याचं ठिकाण, अपेक्षित वेळ आणि घरच्या एका माणसाचा नंबर असावा. ती फक्त वनरक्षकाने उघडावी. आपल्या खात्यात आता कितीतरी महिला वनरक्षक आहेत. शक्य तिथे हे काम त्यांच्याकडे द्यावं. बाहेर पडल्यावर त्या टोकाच्या नाक्यावर जवळ ठेवलेला चिठ्ठीचा अर्धा भाग द्यायचा, आणि तिथून पहिल्या नाक्याला फोनने किंवा बिनतारी संचावरून कळवायचं. ठरलेल्या वेळेनंतर रात्र उलटूनही अर्धा भाग आला नाही, तर आधी घरी फोन आणि लगोलग पोलीस व बचाव संस्थांना खबर.

आपल्याकडे माणसं कमी आहेत, हे मला दिसतं. एका वनरक्षकाच्या बीटमध्ये वणवा, चोरटी तोड, शिकार, गुरं, सगळं असतं. त्याच्यावर आणखी एक कागद लादायचा नाही. संयुक्त वनव्यवस्थापन समित्या जिथे उपद्रव शुल्क घेतात, तिथे पावती फाडायला कुणीतरी बसलेलं असतंच. त्याच माणसाने चिठ्ठी द्यावी, जमलेल्या पैशांतून त्याला मानधन मिळावं. चिठ्ठीच्या मागे 112 आणि आपल्या हॅलो फॉरेस्टचा 1926 हे दोन्ही नंबर छापावेत. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळतं, तेही लिहावं. फुरसं चावलेल्या माणसाला तालुक्याचं ठिकाण शोधत हिंडायला वेळ नसतो.

सुरुवात सगळीकडे एकदम नको. खांडस, भीमाशंकर, आहुपे आणि खोपिवली, एवढ्या चार ठिकाणी हिवाळ्याआधी करून पाहावी. पावसाळा सरून गवत पिवळं पडलं की धारेवरची चाल सुरू होते, म्हणून दिवाळीपूर्वी आदेश निघाला तर बरं. चिठ्ठीचा मराठीतला मसुदा या पत्रासोबत पाठवते आहे. त्यात आपल्या कर्मचाऱ्यांनी हवे ते बदल करावेत. तीन जिल्ह्यांतल्या विभागांपैकी न परतलेल्यांच्या चिठ्ठ्यांची जबाबदारी कोणाकडे राहील, एवढं मात्र आपण ठरवून जाहीर करावं, ही विनंती.

आपली,
सह्याद्रीत एकटी चालणारी एक नागरिक
पुणे