वर्गाचा पट पाहून शिक्षक द्या : नरडाणा परिसरातील पालकांचे निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, धुळे.

मार्फत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, शिंदखेडा.

विषय : प्राथमिक शाळांना शाळेच्या एकूण पटाऐवजी प्रत्येक इयत्तेचा पट पाहून शिक्षक देण्याबाबत.

महोदय,

आम्ही नरडाणा व परिसरातील जिल्हा परिषद शाळांत शिकणाऱ्या मुलांचे पालक. आमच्यात शेतमजूर आहेत, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार आहेत. खासगी शाळेची फी आम्हाला झेपत नाही. त्यामुळे एका गुरुजींपुढे किती मुले आणि किती इयत्ता बसतात, यावरच आमच्या लेकरांचे शिक्षण ठरते.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला 60 मुलांपर्यंत 2, 61 ते 90 ला 3 आणि 91 ते 120 ला 4 शिक्षक मिळतात. कागदावर तीस मुलांमागे एक शिक्षक हा हिशेब बसतो. पण इयत्ता पाच असतात. साठ मुलांच्या शाळेत दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या. एकशेवीस मुलांच्या शाळेतही एकाला दोन इयत्ता घ्याव्याच लागतात, आणि चौघांतला एक प्रशिक्षणाला गेला की उरलेल्या प्रत्येकाकडे 40 मुले येतात. तिसरीला भागाकार समजावून देईपर्यंत पहिलीच्या मुलांनी काय करायचे? नेमके त्याच वयात कोणीतरी शेजारी बसून अक्षर गिरवून घ्यावे लागते. आमच्या बहुतेक घरांत अहिराणी बोलतात, तर वसाहतीत परप्रांतातून आलेल्या कुटुंबांची मुले हिंदी बोलत येतात. ही मुले पहिलीत पुस्तकाची मराठी प्रथमच ऐकतात. त्यांचे न कळलेले चेहरे गुरुजींना दिसावेत, एवढा तरी वर्ग लहान हवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रत्येक शाळेत एका शिक्षकामागे मुलांचे प्रमाण 30 च्या आत आणि वंचित मुले जास्त असलेल्या भागात 25 च्या आत आणण्याचे म्हटले आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 ते 1989 दरम्यान 13 ते 17 मुलांच्या वर्गांची 22 ते 25 मुलांच्या वर्गांशी तुलना झाली. लहान वर्गांतील मुले वाचनात व गणितात पुढे गेली, आणि गरीब घरांतील मुलांना त्याचा लाभ अधिक झाला. तिथे मोठा ठरलेला वर्ग आमच्याकडे लहान म्हणावा लागेल.

दुसरी अडचण तारखेची. संच मान्यता, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवण्याचे काम, 30 सप्टेंबरच्या पटावर आणि आधार जुळलेल्या मुलांवर होते. कामाच्या शोधात त्यानंतर आलेल्या कुटुंबाचे मूल वर्गात बसते, पण त्या वर्षीच्या शिक्षकसंख्येत मोजले जात नाही. आधारमधील नावाच्या चुकीमुळे गळालेल्या मुलाचेही तेच. मूल समोर बसलेले असताना ते हिशेबात नाही, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमची मागणी आहे की पहिली व दुसरी या इयत्ता वरच्या इयत्तांना जोडू नयेत आणि त्यांना स्वतंत्र शिक्षक द्यावा. कोणत्याही इयत्तेचा पट 30 च्या वर गेल्यास तुकडी करावी. मंजूर पदे कमी पडत असल्यास तसा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा. 30 सप्टेंबरनंतर आलेल्या मुलांची जानेवारीत पुन्हा मोजणी करून तात्पुरता शिक्षक द्यावा. कायद्याच्या कलम 26 प्रमाणे रिक्त पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांवर जाऊ नयेत, आणि हा हिशेब जिल्ह्याच्या सरासरीवर न करता शाळानिहाय करावा. मतदारयाद्यांचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी व शाळेच्या वेळेबाहेरच घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये सांगितले आहे. त्याची अंमलबजावणी व्हावी.

प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर दरमहा इयत्तानिहाय पट, हजर शिक्षक व रिक्त पदे लिहावीत. यासाठी खडूशिवाय कसलाही खर्च नाही, त्यामुळे हे काम याच महिन्यात सुरू व्हावे.

वरील मागण्यांवर 30 दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि त्याआधी शाळा व्यवस्थापन समित्यांसोबत नरडाणा येथे बैठक घ्यावी, ही विनंती.

आपले,
पालक व शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य,
नरडाणा परिसर, ता. शिंदखेडा, जि. धुळे