नोंद हक्काची की धाकाची?

लग्न न करता एका छपराखाली संसार करणारी जोडपी आता आपल्या शेजारीपाजारीही दिसतात. त्यांच्याविषयी नाके मुरडणारे मुरडोत. पण सरकारदरबारी अशा सहजीवनाची नोंद असावी का, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. उत्तराखंड विधानसभेने ७ फेब्रुवारी २०२४ रोजी समान नागरी कायदा मंजूर केला आणि २७ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. त्याने ही नोंद सक्तीची केली. महिन्याभरात नोंद न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आली. नोंदीची खबर पोलीस ठाण्याला द्यायची. आणि दोघांपैकी एकाचे वय २१ च्या आत असले तर आईवडिलांनाही.

समर्थकांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. कागद नसला की नुकसान बहुधा बाईचेच होते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीला संरक्षण दिले खरे, पण तो संबंध तसा होता, हे सिद्ध करता करता तिची दमछाक होते. सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागण्याचा हक्क आणि अपत्याला औरसपणा, या उत्तराखंडच्या तरतुदी म्हणूनच स्वागतार्ह आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्यासोबत आलेल्या धाकाचा.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तिथे १९९९ साली ‘पॅक्स’ नावाचा नागरी करार कायद्यात आला. त्या वेळी तिथेही कुटुंबसंस्था बुडाल्याची ओरड झालीच. पण नोंद ऐच्छिक होती आणि तिच्याबरोबर काहीतरी हाती पडत होते: एकत्रित करआकारणी, परस्परांना आधार देण्याची जबाबदारी, घराच्या भाडेकरारात संरक्षण. २०२२ साली तिथे दोन लाखांहून अधिक पॅक्स नोंदले गेले; लग्नांची संख्या त्याहून फार मोठी नव्हती. कुणी दंडुका उगारला नव्हता. लोक आपण होऊन गेले, कारण त्यात त्यांचे हित होते.

आपल्याकडे तर धाकाचा अर्थ आणखीच गंभीर. जातीबाहेर प्रेम केले म्हणून पोटच्या पोरीचा जीव घेणारी घरे याच देशात आहेत, आपल्या महाराष्ट्रातही आहेत. अशा घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या वीस वर्षांच्या मुलीचा ठावठिकाणा सरकारनेच घरी कळवायचा? अठरा वर्षांच्या मुलीला मत देता येते, आईबापांच्या संमतीविना लग्नही करता येते. मग एकत्र राहण्याची वर्दी मात्र घरी का जावी? आणि ज्या जोडप्याला नोंदीचीच भीती वाटेल, ते लपून राहील. लपलेल्या संबंधात तर बाई अधिकच असहाय होते. म्हणजे जिच्यासाठी कायदा केला, तीच त्याच्या बाहेर राहणार.

नोंद जरूर असावी. पण ती मागेल त्याला मिळावी, पोलिसांकडे न जावी, आणि तिच्या बळावर पोटगी मागता यावी, भाड्याचे घर मिळावे, रुग्णालयात जोडीदाराच्या उशाशी बसता यावे. ज्या कागदाने माणसाला आधार वाटतो, त्यासाठी तो रांगेत उभा राहतो. ज्याने धडकी भरते, त्याच्यापासून तो पळतो. संसाराच्या नोंदीला हा नियम कसा चुकेल?