एका खोलीत चार भिडू

पाऊण गुंठा जमीन म्हणजे किती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. घरामागे तेवढ्यात वांगी-मिरचीचे चार वाफे होतात, एखादे शेवग्याचे झाड उभे राहते. त्याहूनही जराशी कमी, म्हणजे 40 फूट लांब आणि 20 फूट रुंद जागा डोळ्यांपुढे आणा. समोर आणि दोन्ही अंगांना 20 फूट उंच भिंती, मागेही भिंत, वर छत. दार लावून घ्यायचे आणि आत चार धट्टेकट्टे पुरुष, प्रत्येकाच्या हाती एकेक रॅकेट देऊन, सोडायचे. दोघे एका पक्षाचे, दोघे दुसऱ्या. मध्ये जाळे नाही, बांध नाही. रॅकेटबॉल नावाच्या खेळातील पुरुष दुहेरी म्हणतात ती ही.

खेळ अमेरिकेतला. कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच गावी 1950 च्या सुमारास जो सोबेक नावाच्या गृहस्थांनी तो बसवला. ते टेनिस आणि हँडबॉल खेळणारे. शिकायला सोपा आणि तरी दम काढणारा खेळ त्यांना हवा होता. गावच्या वायएमसीएत हँडबॉलच्या बंद खोल्या आयत्याच होत्या. आखूड दांड्याची, तारा विणलेली रॅकेट त्यांनी करून घेतली आणि नवा खेळ उभा राहिला. त्याचे आजचे नाव मात्र 1969 साली दुसऱ्याच कोणी ठेवले.

चेंडू रबराचा, पोकळ, सव्वादोन इंच व्यासाचा. तो असा मारायचा की जमिनीला लागण्याआधी समोरच्या भिंतीवर आदळला पाहिजे. वाटेत बाजूची भिंत लागली, छत लागले, तरी चालते. परत येणाऱ्या चेंडूचा दुसरा टप्पा पडण्याआधी समोरच्या पक्षाने तो परतवायचा. कसलेला खेळाडू चेंडू भिंतीच्या पायथ्याशी इतका खाली मारतो की तो उसळत नाही, नुसता घरंगळत येतो. मग तो कोण उचलणार?

एकेरीत हे सारे वेगाचे आणि दमाचे काम. दुहेरीत निराळीच अक्कल लागते. सर्व्हिस करणाऱ्याच्या भिडूने आखलेल्या पट्ट्यात बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि चेंडू मधली रेघ ओलांडेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. त्यानंतर खोलीचा डावा भाग एकाचा, उजवा दुसऱ्याचा. इथवर सरळ आहे. भांडण होते ते मधल्या चेंडूवरून. दोघेही धावले तर रॅकेटवर रॅकेट आदळते, आणि दोघांनीही "तू घे" म्हटले तर चेंडू मधूनच निघून जातो.

म्हणून जाणत्या जोड्या आधीच ठरवून घेतात. दोघेही उजव्या हाताने खेळणारे असतील, तर डावीकडच्याचा उजवा हात खोलीच्या मध्याकडे येतो, तेव्हा मधला चेंडू बहुधा त्याचा. त्यातला अधिक खंबीर भिडू डावीकडे ठेवतात तो याचसाठी. एक उजवा, एक डावखुरा अशी जोडी जमली तर दोन्ही भिंतींकडे दोघांचे सरस हात येतात, ही मोठी सोय. पण मग मध्यभागी दोघांचेही कच्चे हात उरतात आणि शहाणे प्रतिस्पर्धी नेमके तिथेच मारत राहतात. औताला बैल जुंपताना डाव्या अंगाचा उजवीकडे घातला तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट लवकर कळेल.

मला या खेळात सर्वांत आवडते ती वाट देण्याची रीत. प्रतिस्पर्धी तुमच्या शेजारीच, हातभर अंतरावर उभा असतो. त्याची पाळी आली की त्याला चेंडूपर्यंत जाऊ दिले पाहिजे, आणि समोरच्या भिंतीकडे मारायला मोकळी दिशाही दिली पाहिजे. नकळत आडवे आलात तर ती रॅली पुन्हा खेळतात. टाळता येत असूनही टाळले नाही, तर पंच रॅली सरळ तुमच्या विरुद्ध देतो. गंमत पाहा, तुम्ही मारलेला चेंडू वाटेत प्रतिस्पर्ध्याला लागला तर सहसा रॅली पुन्हा होते. तुमच्याच भिडूला लागला तर तुम्ही ती गमावली! भिडू कुठे उभा आहे याचे भान नसणे हा इथे दोषच धरला आहे.

चेंडू ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे धावतो आणि चार रॅकेटी अवतीभवती फिरत असतात. त्यामुळे स्पर्धेत डोळ्यांवर मजबूत चष्मा लावावाच लागतो आणि रॅकेटची दोरी मनगटात अडकवावी लागते. विटीदांडूत डोळा गमावलेला माणूस आपल्याकडेही गावोगाव सापडेल. आपण त्याला नशीब म्हटले. या लोकांनी नियम केला.

या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा 1981 साली कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे झाली. पुढे 1984 पासून ती साधारण दर दोन वर्षांनी होत आली, आणि पुरुष दुहेरी हा तिचा एक ठरलेला भाग आहे. सुरुवातीला अमेरिकनांचाच दबदबा, मग मेक्सिको, कॅनडा पुढे आले. 1998 ची स्पर्धा बोलिव्हियातील कोचाबांबा येथे भरली. हे शहर समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर उंचावर. तिथे हवा विरळ, म्हणून चेंडू अधिकच सुसाट सुटतो.

बोलिव्हिया हा दक्षिण अमेरिकेतला समुद्रकिनारा नसलेला डोंगराळ देश. दोन्ही अमेरिका खंडांचे देश ज्यांत उतरतात त्या पॅन अमेरिकन खेळांत या देशाला तोवर एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. अखेर 2019 साली पेरूच्या लिमा शहरात पहिले सुवर्ण आले, तेही रॅकेटबॉलमध्ये, पुरुषांच्या सांघिक स्पर्धेत. संघात कॉनराडो मोस्कोसो, रोलांड केलर आणि कार्लोस केलर हे तिघे होते. सांघिक लढतीत आधी एकेरीचे सामने होतात, आणि बरोबरी झाली की निकाल दुहेरीवर जातो.