बफर टाकून द्या नं!

आमच्या वर्ध्यात गाडी मागून बसायला लागली की एकच औषध मिळतं. "दादा, कायले एवढं डोकं लावता? बफर टाकून द्या नं." मीही टाकले, दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत. जुनी स्विफ्ट. मागे तीन माणसं आणि डिकीत तुरीचा कट्टा असला की प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायचं. बफर म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये कोंबायची टणक रबरी कडी. अर्ध्या तासात गाडी वर आली. मी खूश, बाबा त्याहून खूश.

आज माझं मत असं, की हे औषध नाही, पॅच आहे. आणि तोही भलत्याच मॉड्यूलला मारलेला.

थोडं फिजिक्स (घाबरू नका). वजन पेलते ती स्प्रिंग, आणि तिचं उसळणं थांबवतो तो शॉक ॲब्सॉर्बर. बफर कोंबला की काही वेटोळी कामातून बाद होतात, आणि उरलेल्यांची स्प्रिंग जास्त कडक होते. ती परत उसळते तीही जोरात. तिला आवरायला शॉक मात्र तोच, तेल गळून म्हातारा झालेला. गावात चाळीसच्या वेगात काही कळत नाही. समृद्धीवर कळतं. कारला तिथे १२० ची मुभा, मी ११० वर. एका पुलाच्या सांध्यावर मागची बाजू उडाली आणि नंतर दोन-तीन वेळा डोलत राहिली. मागे आई बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त पुढच्या सीटला धरून बसली. ते जास्त लागलं.

मग यंदा बाहेरून नवी जोडी आणली, मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि गॅसचे शॉक. जोडीच, कारण एकाच बाजूला नवा शॉक लावला तर दोन्ही चाकं वेगवेगळी वागतात. गाडी अंगणातच खोलली. स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे असतात, त्यामुळे शॉक सुटले की आडवा बीम खाली येतो आणि स्प्रिंग हाताने निघते. पुढच्या चाकांचा उद्योग मात्र घरी करू नका. तिथे स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर तोंड फोडते.

पण मागे एक गंमत आहे. हँडब्रेक लागतो मागच्याच चाकांना, आणि तीच हवेत! म्हणजे गाडी धरून ठेवणारं कुणी नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. मी दोन लोखंडी स्टँडही आणले होते. "जॅक आहे नं, मंग हे कायले?" इति बाबा. आमच्या अंगणात फरशीखाली काळी माती. बाबांचा हात चाकाच्या खोबणीत असतानाच एक फरशी दबली, जॅक कलला आणि गाडी बोटभर खाली येऊन स्टँडवर टेकली. बोटभरच. बाबांनी हात काढला, पाणी प्यायले, आणि स्टँडबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

घरी करण्याचा खरा फायदा पैशांचा नाहीच. शॉकच्या टोकांना रबरी बुश असतात. चाकं लटकलेली असताना बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून, खाली सरकून करावं लागतं. घाईतला मेकॅनिक एवढं करत नाही. आपल्याला रविवार मोकळा असतो. (हो, बीम खाली सोडताना ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हेही बघा. मी ऐनवेळी बघितलं.)

गाडी आता रिकामी असताना बफरच्या वेळेइतकी उंच दिसत नाही. बाबांना ते खटकतं. आईला काहीच खटकत नाही, परवा नागपूरला जाताना ती झोपली होती.

काढलेले बफर बघून शेजारचे काका आले. "फेकताच तर मले देऊन द्या नं." दिले नाहीत. काका अजून रागावलेले आहेत.